नाव ठेवणे आणि नावे ठेवणे : ‘लसविरोधक’ या शब्दाचा इतिहास

माणसाचे नाव ठेवणे आणि माणसाला नावे ठेवणे, या दोन गोष्टींत मराठी भाषेने एका मात्रेचेच अंतर ठेवले आहे. बारशाच्या दिवशी आत्या बाळाच्या कानात सांगते ते नाव. त्या नावाने मूल चारचौघांत ओळखले जाते. पुढे गाव मागून चिकटविते ती नावे. त्यांनी माणूस ओळखता येत नाही. उलट त्याला ओळखण्याची गरजच उरली नाही, असे आपल्याला वाटू लागते. एकदा एखाद्याला ‘भांडखोर’ म्हटले की तो कशासाठी भांडतो, हे विचारावयास कोणी त्याच्या दारी जात नाही.

आजचा विषय अशाच एका शब्दाचा आहे. रोगप्रतिबंधक लस नाकारणाऱ्या माणसाला इंग्रजी बोलीत ‘अँटी-व्हॅक्सर’ म्हणतात. करोनाच्या साथीत हा शब्द आपल्या कानांवर फार आला आणि वृत्तपत्रांनी त्याला ‘लसविरोधक’ असे मराठी रूप दिले. हा शब्द आला कोठून, त्याने कोणाकोणाला एका दावणीला बांधले आणि त्या बांधण्याची किंमत कोणी मोजली, हे आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासातून पाहावयाचे आहे.

पुढे गैरसमज नको, म्हणून एक गोष्ट आरंभीच सांगून टाकतो. लसीची बाजू घेण्यास मला मुळीच संकोच नाही. देवीचा रोग झालेल्या दर दहा माणसांपैकी सुमारे तिघे मरत. जे वाचत त्यांच्या तोंडावर व्रण राहत आणि काहींचे डोळे जात. तो रोग आज पृथ्वीवर नाही. ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य परिषदेने तो समूळ नाहीसा झाल्याचे जाहीर केले. माणसाचा दुसरा कोणताही रोग असा सर्वस्वी नाहीसा झालेला नाही. आपल्यात जे पन्नाशी ओलांडलेले आहेत, त्यांच्यापैकी अनेकांच्या दंडावर त्या विजयाची मोहोर अजून उमटलेली आहे. तेव्हा लस चांगली की वाईट हा प्रश्न नाही. लस नको म्हणणाऱ्या माणसाकडे आपण कसे पाहिले आणि त्याला कोणते नाव दिले, हा प्रश्न आहे.

प्रथम शब्दांचे कुळ पाहू. आपल्याकडे रोगाचेच नाव ‘देवी’. घरात रोग शिरला की ‘देवी आल्या’ म्हणावयाचे, दारावर कडुनिंबाचा पाला लावावयाचा आणि रोग्यासमोर कठोर शब्द बोलावयाचा नाही. लस टोचण्याला आपण ‘देवी काढणे’ म्हणत आलो आणि ते काम करणाऱ्या सरकारी माणसाला ‘देवी डॉक्टर’. स्वतः ‘लस’ हा शब्द मुळात जखमेतून किंवा फोडातून पाझरणाऱ्या पातळ द्रवाचा आहे. आज थंड पेटीतून येणाऱ्या स्वच्छ कुपीला आपण लस म्हणतो, तेव्हा त्या शब्दात एका जुन्या काळाची आठवण दडलेली असते. त्या काळी एका मुलाच्या दंडावरील फोडातला द्रव काढून दुसऱ्या मुलाच्या दंडावर भरीत असत.

इंग्रजी शब्दाच्या पोटात गाय आहे. लॅटिन भाषेत गाईला ‘व्हॅका’ म्हणतात. १४ मे १७९६ रोजी एडवर्ड जेन्नर या इंग्रज वैद्याने गवळणीच्या हातावरील गो-देवीच्या फोडातील द्रव जेम्स फिप्स नावाच्या आठ वर्षांच्या मुलाला टोचला. त्यावरून ‘व्हॅक्सिन’ हा शब्द रूढ झाला. शब्द जन्मला तसा त्याचा विरोधकही जन्मला. जेन्नरने १८१२ सालच्या एका पत्रात आपल्या टीकाकारांचा उल्लेख ‘अँटी-व्हॅक’ अशा तुटक, चिडक्या शब्दाने केलेला आढळतो. म्हणजे हे टोपणनाव दोनशे वर्षांहून जुने आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात विरोधकांचे संघ निघाले. त्यांनी मात्र ‘लसीकरणविरोधी संघ’ असे लांबलचक नाव स्वतःच्या दारावर अभिमानाने लावले. एकविसाव्या शतकात लोकांनी ते पुन्हा छाटून ‘अँटी-व्हॅक्सर’ केले, आणि २०२१ साली ऑक्सफर्डच्या कोशकारांनी ‘व्हॅक्स’ हा त्यातला तुकडा वर्षाचा शब्द म्हणून निवडला. लांब नाव माणसाने स्वतः घेतलेले होते. आखूड नाव दुसऱ्याने त्याला ठेवलेले आहे. एका मात्रेचे अंतर म्हणतो ते हेच.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. ही लस हिंदुस्थानात आली ती यशवंतगडावरून आपल्याला रोज दिसणाऱ्या या अरबी समुद्रावरून. व्हिएन्नाहून बगदाद, बगदादहून बसरा आणि तेथून गलबताने मुंबई, असा तिचा प्रवास झाला. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचण्यात आली आणि तिच्या दंडावर फोड उठला. हिंदुस्थानातील हे पहिले यशस्वी लसीकरण. त्या एका मुलीच्या दंडावरून आणखी मुलांना, त्यांच्याकडून आणखी मुलांना, अशी ती लस पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास अशा गावोगावी गेली. बर्फ नव्हता, शीतपेटी नव्हती. उन्हाळ्यात लस लवकर निकामी होई. तिला जिवंत ठेवण्याची एकच खात्रीची कुपी होती, आणि ती म्हणजे लहान मुलाचा दंड. आठवडाभराने फोड पिकला की त्यातून पुढच्या मुलाला लस द्यावयाची. साखळी तुटली की लस संपली.

लोक नको म्हणू लागले ते या साखळीमुळे. त्यांची कारणे नीट वेगवेगळी करून पाहिली पाहिजेत, कारण सरकारी दप्तराने ती कधी वेगळी केली नाहीत. ‘देशी लोकांचे पूर्वग्रह’ या एका शीर्षकाखाली सगळी भरून टाकली.

पहिले कारण देवीच्या कोपाचे. रोग हा देवीचा संचार असेल, तर सुईने तिला बोलाविणे हा अपराध ठरतो. दुसरे कारण विटाळाचे. कोणत्या जातीच्या मुलाच्या अंगातला द्रव आपल्या मुलाच्या अंगात शिरणार, याची धास्ती. आज आपल्याला या दोन्ही कारणांची लाज वाटते, आणि विशेषतः दुसऱ्याची वाटलीच पाहिजे. पण कारणे येथे संपत नव्हती. तिसरे कारण असे की, ज्या मुलाच्या दंडावर फोड उठला, त्याच्या फोडातून पुन्हा लस काढून नेत. आपल्या तापलेल्या, रडणाऱ्या लेकराची जखम परक्याने उघडावी, हे कोणत्या आईला आवडेल? चौथे कारण, एकाच्या अंगातला दुसरा रोग या द्रवाबरोबर आपल्या मुलात येईल, ही भीती. पाचवे कारण सरकारचे. ज्या सरकारचा शिपाई सारा वसूल करावयास येतो, तेच सरकार एकाएकी आमच्या मुलांच्या कल्याणाची चिंता का वाहू लागले?

यांतील चौथी भीती खरी ठरली. दंडावरून दंडावर लस देण्याच्या पद्धतीत उपदंशासारखे रोग पसरू शकतात, हे युरोपातील वैद्यांनीच पुढे मान्य केले आणि १८९८ साली इंग्लंडने ही पद्धत कायद्याने बंद केली. म्हणजे आमची अशिक्षित आई जे पोटतिडकीने सांगत होती, त्याचा एक भाग शास्त्राने अनेक वर्षांनी कबूल केला. तोपर्यंत तिचे नाव ‘पूर्वग्रह’ या रकान्यात जाऊन बसले होते.

याच काळात इंग्लंडमध्ये काय चालले होते, हे पाहिले म्हणजे या नावांतील गंमत कळते. तेथे १८५३ च्या कायद्याने तान्ह्या मुलांना देवी काढणे सक्तीचे झाले आणि न काढणाऱ्या आईबापांना दंड बसू लागला. त्याविरुद्ध मोठी चळवळ उठली. मार्च १८८५ मध्ये लेस्टर शहरात हजारो लोकांनी मिरवणूक काढली. विरोधकांत अडाणी मजूर होते, तसा आल्फ्रेड रसेल वॉलेसही होता. डार्विनच्या बरोबरीने उत्क्रांतीचा सिद्धान्त मांडणारा हा शास्त्रज्ञ लसीच्या विरोधात पुस्तिका लिहीत होता आणि या बाबतीत तो चुकत होता. अखेर १८९८ च्या कायद्याने तडजोड केली. ज्याचे मन मानत नसेल त्याने न्यायाधीशापुढे तसे सांगून दाखला घ्यावा. अशा माणसासाठी ‘सदसद्विवेकाने हरकत घेणारा’ या अर्थाचा शब्दप्रयोग कायद्याच्या व्यवहारात रूढ झाला. पुढे १९१६ साली युद्धावर जाण्यास नकार देणाऱ्यांना हाच शब्द लावला गेला आणि जगभर त्याला मान मिळाला. तो मुळात लस नाकारणाऱ्यांचा शब्द होता, हे आज थोड्यांनाच ठाऊक आहे.

कृती एकच, लस नाकारण्याची. लेस्टरच्या विणकऱ्याने नाकारली तर तो त्याचा विवेक. राजापूरच्या कुळवाड्याने नाकारली तर तो त्याचा पूर्वग्रह! नाव कृतीवरून पडत नाही, नाव ठेवणारा कोणाकडे कोठून पाहतो यावरून पडते. हे सत्य या दोन शब्दांइतके स्पष्ट क्वचितच दिसेल.

हे सगळे असूनही आपल्या मुलुखात देवी काढणे रुजले. कसे रुजले? मुंबई शहरात १८७७ साली आणि मुंबई इलाख्याच्या जिल्ह्यांत १८९२ साली लसीकरणाचे कायदे झाले, हे खरे. पण नुसत्या कायद्याने ते रुजले नाही. लोकांच्या आक्षेपात जे ग्राह्य होते, ते ग्राह्य धरून पद्धत सुधारली गेली. मुलाच्या दंडाऐवजी वासराच्या वा रेडकाच्या कातडीवर लस वाढवू लागले. त्यामुळे जातीचा प्रश्न, दुसऱ्याच्या रोगाचा प्रश्न आणि पोराची जखम उघडण्याचा प्रश्न, हे तिन्ही एका दमात मागे पडले. या खात्यात आपल्या मराठी डॉक्टरांनीही काम केले. ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८५१ साली बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत भाऊ दाजी आणि आत्माराम पांडुरंग यांच्याबरोबर अनंत चंद्रोबा डुकले हे होते. त्यांनी पुढे मुंबईच्या देवी काढण्याच्या खात्यात नाव मिळविले. विसाव्या शतकाच्या आरंभी बेळगावला लस तयार करणारी संस्था निघाली आणि इलाख्याची गरज तेथून भागू लागली. दारात येणारा देवी डॉक्टर आपली भाषा बोलणारा, ओळखीचा झाला. ज्यांना ‘पूर्वग्रहदूषित’ म्हटले होते, त्यांचीच नातवंडे निमूटपणे बाह्या वर करून रांगेत उभी राहिली. माणसे बदलली, हे खरे. पण त्याआधी लसही बदलली होती, हे आपण विसरतो.

याच्या उलट अनुभव प्लेगाचा. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात प्लेग ओळखला. लाखो माणसे शहर सोडून निघाली आणि आपले कोकणी चाकरमानी बोटींनी गावाकडे परतले. ओडेसाच्या बाजूचा एक ज्यू शास्त्रज्ञ, वाल्डेमार हाफकिन, मुंबईत आला, त्याने थोड्या महिन्यांत प्लेगाची लस बनविली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. आपल्या लसीवर लोकांनी विश्वास ठेवावा असे वाटणाऱ्याने याहून चांगले भाषण कोणते करावे? त्याची लस सक्तीची नव्हती. सक्ती होती ती दुसरीकडे. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि पुण्यात रँडच्या हाताखाली गोरे सोल्जर घरांत घुसू लागले. स्वयंपाकघर, देवघर, बाळंतिणीची खोली, काही त्यांनी वर्ज्य मानले नाही. २२ जून १८९७ रोजी गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली.

हा संताप लसीवरचा नव्हता, हे लक्षात ठेवले पाहिजे. परंतु लोकांच्या मनात झडती घेणारे सरकार आणि सुई घेऊन येणारे सरकार ही दोन नव्हती. त्यातच ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल गावी हाफकिनची लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. एका बाटलीतील लस दूषित झाली होती. दोष प्रयोगशाळेचा की गावात बाटली उघडताना झालेल्या निष्काळजीपणाचा, यावर वाद पेटला. हाफकिनला कामावरून दूर केले गेले आणि १९०७ साली रोनाल्ड रॉससारख्या शास्त्रज्ञांनी जाहीरपणे त्याची बाजू घेईपर्यंत तो कलंक पुसला गेला नाही. ज्या संस्थेतून त्याला जावे लागले, तिलाच १९२५ साली त्याचे नाव दिले गेले. परळची हाफकिन संस्था ती हीच. मलकोवालची बातमी ऐकून ज्याने १९०३ साली प्लेगाची सुई नाकारली, त्याला आपण कोणते नाव देणार? त्याचा निर्णय कदाचित चुकीचा असेल, पण त्याची भीती हवेतून आलेली नव्हती.

आता या शब्दाला सर्वांत अवघड जाणारे उदाहरण घेऊ. महात्मा गांधी लसीच्या विरोधात होते. १९१३ साली ‘इंडियन ओपिनियन’मध्ये आरोग्यावर त्यांनी जी गुजराती लेखमाला लिहिली, तीत देवी काढण्याला त्यांनी घाणेरडा प्रकार ठरविले. १९३० साली साबरमतीच्या आश्रमात देवीची साथ आली आणि तीन मुले गेली. त्या दुःखातही त्यांचे मत बदलले नाही. मात्र ज्याला लस टोचून घ्यावयाची असेल त्याने ती घ्यावी, अशी मोकळीक त्यांनी इतरांना दिली. येथे गांधी चुकले, असे मला स्पष्ट म्हणावेसे वाटते. आणि ती चूक लहान नव्हती. पण याच गांधींनी १२ जानेवारी १९२४ रोजी पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक या इंग्रज शल्यवैद्याकडून आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया करवून घेतली. त्यांना ‘लसविरोधक’ म्हटले तर ते खोटे नाही. पण ते म्हणून आपल्याला गांधींविषयी काय कळले? काहीच नाही. चक्रवर्ती राजगोपालाचारींनीही १९५५ साली क्षयरोगावरील बी.सी.जी.च्या मोहिमेला जाहीर विरोध केला. मोहीम थांबली नाही, राजाजींना कोणी तुरुंगात टाकले नाही, आणि त्यांना उत्तर मिळाले ते युक्तिवादाने. मतभेदाचा तो सभ्य मार्ग होय.

देवीचा शेवट कसा झाला, तेही यासंबंधी बोधप्रद आहे. १९६२ साली देशात देवीनिर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. सरसकट सर्वांना टोचीत सुटण्याने काम पुरे होत नाही, असे पुढे ध्यानात आले. मग रोगी हुडकावयाचा, त्याला वेगळा ठेवावयाचा आणि त्याच्या भोवतीच्या माणसांना ताबडतोब लस द्यावयाची, असे धोरण आले. यांतील हुडकणे आणि वेगळे ठेवणे हे दोन भाग लेस्टर शहराने पूर्वीच अमलात आणले होते. त्याच लेस्टरने, जेथे लसीविरुद्ध मिरवणुका निघाल्या! विरोधकांचे सगळे बरोबर नव्हते, पण त्यांचे सगळे टाकाऊही नव्हते. मे १९७५ मध्ये हिंदुस्थानात देवीचा शेवटचा रोगी सापडला. या अखेरच्या टप्प्यात बिहारच्या काही भागांत रात्री घरात शिरून बळजबरीने लस टोचल्याचेही प्रकार घडले. रोग गेला, हे यश मोठेच. परंतु ज्याच्या घराचे दार असे फोडले गेले, त्याने ते यश कोणत्या भाषेत मुलांना सांगितले असेल, याचाही विचार व्हावा.

यानंतरचा इतिहास आपण डोळ्यांनी पाहिला आहे. १६ जानेवारी २०२१ रोजी देशात करोनाच्या लसीकरणास आरंभ झाला. त्या वर्षीच्या १५ ऑगस्टपासून मुंबईच्या लोकलमध्ये सामान्य प्रवाशांना दोन्ही मात्रा घेतल्या असतील तरच प्रवेश मिळू लागला. या निर्बंधांना मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. नोव्हेंबरात औरंगाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, एकही मात्रा न घेणाऱ्यास पेट्रोल व रेशन मिळणार नाही, असा आदेश निघाला. अखेर २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला. कोणत्याही व्यक्तीला लस घेण्याची सक्ती करता येणार नाही, कारण स्वतःच्या शरीरावरील अधिकार राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमात येतो. मात्र सार्वजनिक आरोग्यासाठी शासन वाजवी निर्बंध घालू शकते. १८९८ साली इंग्लंडने विवेकाला जी जागा दिली, ती जागा आपल्या न्यायालयाने अधिकाराला दिली.

त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईत गोवंडीला गोवराची साथ उसळली आणि कित्येक बालके दगावली. मालेगाव आणि भिवंडी येथेही रोग पसरला. लागलीच बोलले जाऊ लागले की, ही वस्ती लसच घेत नाही, हे लोक लसविरोधक. काही घरांत नकार होताच, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण करोनाच्या दोन वर्षांत नित्याची बाल-लसीकरणे मागे पडली होती. रोजंदारीवरच्या आईला लसीच्या वारी मजुरी बुडवून रांगेत उभे राहणे परवडत नव्हते. वस्ती दाट, मुले कृश, आणि बिऱ्हाडे सारखी बदलणारी. ज्या मुलापर्यंत लस पोहोचलीच नाही, त्याच्या आईने ती नाकारली, असे कोणत्या तोंडाने म्हणावयाचे? गोवरापासून वाचविणारी लस स्वस्त आहे आणि जुनी आहे. मूल त्या लसीवाचून मेले, आणि वर आईला नावे ठेवली गेली.

इतका प्रवास केल्यावर आता त्या एका शब्दाच्या गाठोड्यात कोण कोण आहे, ते वेगळे काढता येईल. त्यात एक आहे भ्यालेला. त्याने मलकोवालसारखी काही गोष्ट ऐकली आहे आणि त्याला उत्तर हवे आहे. दुसरा आहे वंचित. त्याच्यापर्यंत लस गेली नाही, किंवा तो लसीपर्यंत जाऊ शकला नाही. तिसरा आहे सक्तीला नकार देणारा. त्याचे भांडण सुईशी नाही, सुई धरणाऱ्या हाताशी आहे. चौथा आहे गांधींसारखा, तत्त्वाने नको म्हणणारा. तो संख्येने थोडा असतो आणि आपल्या मताची किंमत स्वतः मोजावयास तयार असतो, जरी ती कधी कधी मुलांनाही मोजावी लागते. आणि पाचवा आहे तो जाणूनबुजून खोटे पसरविणारा.

या पाचव्याबद्दल मऊ बोलण्याचे कारण नाही. १९९८ साली लंडनच्या ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात अँड्र्यू वेकफिल्ड या डॉक्टरने अवघ्या बारा मुलांच्या आधारे गोवराच्या संयुक्त लसीचा संबंध स्वमग्नतेशी जोडला. पुढे त्यातील लबाडी उघडी पडली, फेब्रुवारी २०१० मध्ये तो लेख मागे घेतला गेला आणि त्याचा वैद्यकीचा परवानाही गेला. तोपर्यंत किती आईबापांनी मुलांना लस दिली नाही, याची गणती कशी करावी! अशा माणसाला कडक नाव अवश्य द्यावे. पण ते नाव ‘लबाड’ असावे. ‘लसविरोधक’ म्हटल्याने तो उलट सुटतो. भ्यालेल्या हजारो साध्या माणसांच्या गर्दीत तो जाऊन उभा राहतो आणि म्हणतो, ‘पाहा, तुम्हांला आणि मला ते एकाच नावाने हिणवतात.’ मग भ्यालेला माणूस शासनाच्या डॉक्टरापेक्षा त्याच्यावरच विश्वास ठेवतो. नावे ठेवण्याचा हा सर्वांत महाग परिणाम होय. आपण ज्यांना जवळ आणावयाचे, त्यांनाच आपण शत्रूच्या छावणीत पोहोचवून येतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली जगाच्या आरोग्यापुढील दहा मोठ्या संकटांत लसीविषयीच्या अनिच्छेचा समावेश केला. त्यासाठी जो शब्द तिने वापरला, त्याचा अर्थ विरोध असा नाही. कां-कूं करणे, पाऊल अडखळणे असा आहे. मराठीत ‘मन धजावत नाही’ असे आपण म्हणतो, ते याच्या फार जवळचे आहे. ज्याचे मन धजावत नाही त्याला धीर द्यावा लागतो. विरोधकाला हरवावे लागते. शब्द बदलला की पुढचे सारे वागणे बदलते. म्हणून शब्दांची ही उठाठेव.

नाटे गावात हे सांगताना मला आणखी एका शब्दाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. आपल्या खाडीपलीकडे माडबनला अणुवीज प्रकल्प येणार म्हणून या भागातील माणसे उभी राहिली, तेव्हा त्या सर्वांना ‘विकासविरोधी’ असे एक नाव मिळाले. १८ एप्रिल २०११ रोजी येथे झालेल्या गोळीबारात एक जीवही गेला. प्रकल्प योग्य की अयोग्य, हा आजचा विषय नाही आणि त्यात मी शिरत नाही. पण येथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे की, त्या एका नावाखाली किती निरनिराळी माणसे होती. समुद्रातील मासळीची काळजी करणारा साखरी नाट्याचा मच्छीमार वेगळा, जमिनीच्या मोबदल्यावर नाराज असलेला शेतकरी वेगळा, अणूची धास्ती घेतलेला वेगळा, आणि या सर्वांच्या खांद्यावर चढून भाषण करणारा पुढारी वेगळा. बाहेरच्यांनी जेव्हा तुम्हां सगळ्यांना एका शब्दात गुंडाळले, तेव्हा कसे वाटले, ते मी तुम्हांला सांगावयास नको.

तीच आठवण ठेवून, उद्या तुमच्या वाडीत एखादी आई बाळाला लस देण्यास का-कू करील, तेव्हा तिच्याशी बोला. तिला आधी विचारा, ‘बाई गं, भीती कसली वाटते?’ कदाचित ती कुठल्या तरी बातमीचे नाव घेईल. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यात १२ बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात स्वच्छ करण्याचे द्रावण पाजले गेले होते. तिने ते ऐकले असेल, तर ते खोटे आहे म्हणून तिला झिडकारू नका, कारण ते खरे आहे. घडले ते मान्य करा. मग तिला हेही सांगा की, याच देशात १३ जानेवारी २०११ नंतर वन्य विषाणूच्या पोलिओचा एकही रोगी सापडलेला नाही आणि तो विजय त्याच थेंबांचा आहे. चूक मान्य करणाऱ्याच्या तोंडचे सत्यच लोकांना पटते.

आणि मग तिच्याबरोबर आरोग्य केंद्रापर्यंत चालत जा. वाटेत तिला बाळाचे नाव विचारा.